कौलेयक

घर आवरणें म्हणजे घरांतील वस्तु इकडच्या तिकडे करणें, असा समज अलीकडे बराच रूढ झालेला दिसतो. दिवाळीच्या आधीं आठ दिवस कपाटें भिंतींपासून ओढावयाचीं, पलंगाचें डोकें पूर्वेऐवजीं दक्षिणेस करावयाचें, आणि मग “कसें मोकळें वाटतें!” म्हणून एकमेकांस सांगावयाचें. आमचें मत निराळें आहे. छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें; खडू कोठें आहे हें पाहण्यासाठीं फळ्याकडे मान वळवावी लागली नाहीं. अंधारांत हात लांबविला असतां जी वस्तु हातीं लागते ती व्यवस्थित ठेवलेली. बाकी सारी मांडामांड. हें मत घरांत फारसें कोणी मनावर घेत नसे. आतां सर्वांना तें मान्य करावें लागलें आहे. आणि तें आमच्या वक्तृत्वामुळें नव्हे, मोत्यामुळें.

मोत्या हा आमचा कुत्रा. सन २०१० च्या श्रावणांत धाकट्या चिरंजीवांनीं भर पावसांत तो सदऱ्याच्या आंत घालून आणला, तेव्हां ओंजळींत मावत होता. जात सांगावयाची तर गांवठी. आतां त्याचें पंधरावें वर्ष सरत आलें. म्हणजे माणसाच्या हिशेबानें तो आमच्याहून बराच वडील झाला. नांव मोत्या, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत एक निळसर धूसरपणा येतो; तो आंतलें भिंग घट्ट होत गेल्यानें येतो, आणि त्यानें दृष्टि फारशी जात नाहीं. मोत्याचें तसें नव्हतें. पशुवैद्यांनीं बॅटरी लावून पाहिलें आणि हा खरा मोतीबिंदू आहे असें सांगितलें. मोठ्या शहरांत याची शस्त्रक्रिया होते. परंतु या वयांत आणि या हृदयाला भूल झेपणार नाहीं, असा त्यांचा सल्ला पडला.

तरीही वर्षभर घरीं आलेल्या माणसाला मोत्या आंधळा आहे हें सांगितल्यावांचून कळत नसे. कुत्र्याचें नाक आपल्या नाकाहून कित्येक पटींनीं तीक्ष्ण, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांतून आमचें घर जुनें. देवघराशीं उदबत्तीचा वास, मोरीशीं साबणाचा, कोठीच्या खोलींत गोडेतेलाचा आणि जुन्या पोत्यांचा, आमच्या खुर्चीखालीं आमच्या वहाणांचा. या वासांच्या खुणा आणि पावलांची मोजदाद यांवर तो ओसरीपासून परसापर्यंत बिनचूक जाई.

सन २०२४ च्या दिवाळीपूर्वीं थोरल्या सूनबाईंनीं एक दिवाण आणविला, आणि ओसरीच्या दारासमोर, जेथें नुसती सतरंजी असे तेथें, ठेवविला. दिवाण चांगला होता. आम्हीही त्यावर एक दुपार झोपलों. रात्रीं मोत्या पाणी प्यावयास नेहमीच्या चालीनें निघाला आणि दिवाणाच्या कोपऱ्यावर तोंड आपटून पडला. ओठ फुटला. एवढ्यावर भागतें तर बरें होतें. परंतु तेव्हांपासून त्याला घरच सांपडेना. तो भिंतीच्या कोपऱ्यांत नाक लावून उभा राही, मागें वळावें कसें हें विसरल्यासारखा. रात्रभर नखांचा टक्‌टक् आवाज करीत फेऱ्या घाली. पशुवैद्य म्हणाले कीं, वृद्ध कुत्र्यांनाही माणसांप्रमाणें बुद्धीचा ऱ्हास होतो. रात्रीं जागणें, ओळखीच्या खोलींत वाट चुकणें, शिकविलेली स्वच्छता विसरणें हीं त्याचीं लक्षणें. दिवाण निमित्त झाला, रोग आधींचाच. औषधानें थोडा मंदावेल, जाणार नाहीं.

‘स्वच्छता विसरणें’ या दोन शब्दांत काय सांठविलें आहे, तें रोज पहांटे फरशी पुसणाऱ्यासच कळतें. तें काम न बोलतां सूनबाईंकडे आलें होतें, आणि त्यांना साडेनवाला बँकेंत पोंचावयाचें असतें. एके रविवारीं जेवणें आटोपल्यावर त्या म्हणाल्या, “मामंजी, मला माया नाहीं असें नाहीं. पण रोज एकटीनें किती दिवस?” प्रश्न न्यायाचा होता. त्या दिवशीं एक दूरचे आप्त पाहुणे आले होते. त्यांनीं पान लावतां लावतां सांगितलें, “एक इंजेक्शन द्या, त्याचे हाल संपतील.”

अशा इंजेक्शनाला आमचा तत्त्वतः विरोध नाहीं. वेदना आवरत नसतील, अन्नपाणी तुटलें असेल, तर पशुवैद्याच्या हातून आलेली ती झोंप ही दयाच होय. परंतु मोत्या दोन वेळां जेवत होता, आमचा आवाज ऐकून शेंपूट हालवीत होता. तेव्हां हाल नेमके कोणाचे संपवावयाचे, हें आधीं ठरविणें जरूर होतें. सारे गप्प बसले. मग आमची सौभाग्यवती पोळ्यांचा डबा झांकतां झांकतां म्हणाली, “आक्कांना दहा वर्षें दिसत नव्हतें. तेव्हां कोणी दारांत दिवाण आणून ठेवला होता का?”

आक्का म्हणजे आमच्या वडिलांच्या आत्या. त्या सन १९८८ मध्यें वारल्या. त्यांची दृष्टि गेल्यावर माजघराच्या खांबापासून न्हाणीघरापर्यंत सुंभाची दोरी बांधली होती. त्यांचा पाट, तांब्या आणि काठी यांच्या जागा ठरलेल्या. तांब्या वीतभर हलविला तरी पोरांना धपाटा मिळे. शेवटचीं पांच वर्षें त्यांचें सर्व आमच्या सौभाग्यवतीनें केलें. हीच बाई सोंवळ्याच्या बाबतींत अशी कडक कीं, पंधरा वर्षांत तिनें मोत्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडूं दिला नाहीं. आजही देत नाहीं.

पाहुणे म्हणाले, “अहो, आत्या आणि कुत्रा एकाच मापानें मोजतां?” तेथें आम्हांस पाणिनि आठवला. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत (४.२.९६) कुल, कुक्षि आणि ग्रीवा या शब्दांपासून कुत्रा, तलवार व अलंकार या अर्थांचे शब्द साधण्याचा नियम आहे. कुशीशीं लटकते ती तलवार कौक्षेयक, गळ्यांत असतो तो दागिना ग्रैवेयक, आणि कुळांत राहतो तो कुत्रा कौलेयक. अमरकोशांतही कुत्र्याच्या नांवांत हें नांव आहे. ज्या व्याकरणकारानें एक अक्षर वाढविण्यांत काटकसर केली, त्यानें कुत्र्याला कुळांत घेण्यासाठीं नियम खर्चिला, ही गोष्ट लहान नव्हे. हें आम्हीं पाहुण्यांना सविस्तर सांगितलें. त्यांनीं सुपारी मागितली. महाप्रस्थानिक पर्वाकडे आम्ही मुद्दामच वळलों नाहीं. धर्मराजाचा कुत्रा मेरूपर्यंत आपल्या पायांनीं चालत गेला होता, आणि आमच्या कौलेयकास ओसरीची एक पायरी चढवत नव्हती.

त्याच दुपारीं दिवाण माडीवर गेला आणि सतरंजी जागेवर आली. कामें वांटलीं गेलीं. पहांटेची फरशी आळीपाळीनें थोरले आणि धाकटे चिरंजीव पुसतात. प्रथम दोघांनाही फडकें पिळतां येत नव्हतें. रात्रीं दहाला मोत्याला परसांत नेऊन आणणें आमच्याकडे आहे. त्यामुळें पहांटेचें काम निम्म्यावर आलें. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय पसरत. तेथें गोणपाटाच्या पट्ट्या शिवून अंथरल्या. नातवाला त्याच्या पाण्याच्या भांड्याचा जिम्मा दिला आहे. रोज किती पाणी प्याला हें तो पाटीवर लिहितो, कारण तहान एकाएकीं वाढली तर मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा संशय घ्यावा लागतो. अंगदुखीची माणसांची गोळी कुत्र्याला द्यावयाची नाहीं, हें औषधांच्या फळीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवलें आहे. चातुर्मासांत आम्ही कांदा-लसूण सोडतों. त्याला तीं दोन्हीं बारा महिने वर्ज्य, कारण त्यांनीं कुत्र्याचें रक्त बिघडतें. द्राक्षें आणि बेदाणेही तसेच घातक. तेव्हां सत्यनारायणाचा शिरा त्याच्या वांट्याला येत नाहीं.

परसाची व्यवस्था मात्र आम्हीं स्वतः केली, आणि तिचा आम्हांस थोडा अभिमान आहे. मोरीच्या पाण्यावर अळू माजलें होतें. शिजवून, चिंच घालून तें आपल्याला रुचतें. कच्चें पान चावलें तर कुत्र्याचें तोंड सुजतें, आणि मोत्याला हल्लीं दिसेल, नव्हे हुंगेल, तें चघळण्याची खोड लागली आहे. अळवाभोंवतीं कामट्यांचें कुंपण घातलें. कण्हेर मुळासकट काढली. तिचें पान, फूल, साल सर्व विषारी, हृदयावर घाला घालणारें. पूजेला तांबडीं फुलें जास्वंदीचीं मिळतात. दारापासून आंब्यापर्यंत दोन्हीं बाजूंस विटा रोंवून हातभर रुंदीची वाट आंखली आणि कडेला तुळशी लावल्या. जातांना त्याचें अंग तुळशींना घासतें, वास सुटतो, आणि वाट चुकली नाहीं हें त्याला समजतें. पहिले आठ दिवस आम्हीं पुढें काठी टेंकीत चाललों. नवव्या दिवशीं तो आमच्या पुढें होता.

रात्रीच्या फेऱ्या थांबल्या नाहींत; पण भिंतीशीं अडकून उभें राहणें बरेंच कमी झालें. ज्या दिवशीं भाकरी नाकापाशीं नेली असतां तो तोंड फिरवील, आणि दुसऱ्या दिवशींही फिरवील, त्या दिवशीं बोलवा, असें पशुवैद्यांनीं सांगून ठेवलें आहे. सौभाग्यवती रोज भाकरी कुसकरून देते आणि तो हुंगेपर्यंत तेथून हालत नाहीं.

दिवाण अद्याप माडीवरच आहे. परवां सूनबाईंनीं त्याला नवी खोळ शिवून घातली. खालीं कधीं आणावयाचा, असें आम्हीं सहज विचारलें. त्या म्हणाल्या, “घाई नाहीं, मामंजी.”