जेकिलचा पेला

इंग्रजी भीतिकथांच्या लेखकांनी आपल्या पात्रांच्या हाती कोणता पेला द्यावा याविषयी मोठी दक्षता घेतलेली दिसते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’त तरुण वकील हार्कर सरदाराच्या गढीत पोहोचतो, तेव्हा त्याच्यापुढे भाजलेली कोंबडी, चीज आणि जुन्या टोके मद्याची बाटली येते. पाहुणा दोन पेले घेतो. यजमान मात्र ताटाला शिवतही नाही, आणि चाणाक्ष वाचकाच्या अंगावर तेथेच काटा उभा राहतो. शेरिडन ले फानूने तर बिचाऱ्या चहासही सोडले नाही. त्याच्या ‘ग्रीन टी’ या कथेतील सज्जन धर्मोपदेशक रात्री जागून ग्रंथ लिहितो, लेखनाला सोबत म्हणून हिरवा चहा पितो, आणि एके दिवशी लाल डोळ्यांचे एक लहानसे काळे माकड त्याच्या मागे लागते ते त्याचा अंत झाल्यावाचून सोडीत नाही. चहाबाज कुटुंबांनी ही कथा दिवसाउजेडी वाचावी हे बरे.

परंतु या सर्वांत श्रेष्ठ पेला स्टीव्हनसनचा. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जेकिल-हाइडच्या कथेत हाइड हा डॉ. लॅनियनच्या डोळ्यांदेखत ते भयंकर औषध सिद्ध करितो. लालसर अर्काचे थोडे थेंब मोजून घेतो, त्यात पूड टाकतो. रंग उजळतो, द्रव फसफसू लागते, वाफा निघतात. मग ते एकाएकी गर्द जांभळे होते, आणि तो जांभळा रंग हळूहळू विरत जाऊन पाणचट हिरवा उरतो. पुढे जेकिलला हे औषध पुन्हा साधत नाही, कारण पहिल्या पुडीत कसली तरी भेसळ होती आणि सारा गुण त्या भेसळीचाच होता! पाककृती लिहिणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा असा हा प्रसंग आहे.

आमची पुतणी महाविद्यालयात इंग्रजी शिकविते. आषाढातल्या अमावास्येच्या रात्री मित्रमंडळी जमवून अशा कथांचे वाचन करावे, आणि वाचनाबरोबर कथांना शोभेल असे धुरकट, वनस्पतींच्या वासाचे कॉकटेल असावे, असे तिने ठरविले. कृतीही तिने आणली होती. तीत मेक्सिकोचे मेस्कल होते. जमिनीतल्या भट्टीत घायपाताच्या जातीच्या वनस्पतीचे गड्डे भाजून ते काढतात, म्हणून त्यास धुराचा वास. शार्त्रूझ होते, फ्रान्समधील कार्थुसियन पंथाचे साधू एकशे तीस वनस्पतींपासून ते करितात असे सांगतात, आणि त्याच्या हिरव्या जातीत मद्यार्क शेकडा ५५ असतो. वर जळती रोजमेरीची काडी. कृती उत्तम होती यात शंका नाही. तिथीही अशी की, दिव्यांच्या अवसेचे गटारी हे दुसरे नाव आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

अडचण निराळीच होती. आमचे थोरले बंधू गेली चौदा वर्षे मद्याला शिवलेले नाहीत. त्यापूर्वीच्या काळाविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. स्टीव्हनसनची ती कथा आमच्या घरात सर्वांनी वाचली आहे, आणि ती कल्पित आहे असे कोणीही म्हणत नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची दातारशास्त्र्यांनी केलेली रूपांतरे भाऊंनीच आम्हांस बालपणी वाचून दाखविली. तेव्हा त्यांच्यावाचून बैठक ही कल्पनाच अशक्य. लेकीचा बेत ऐकून ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही घ्या. मला पाणी चालेल.” वहिनी पोळ्या लाटीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत; लाटणे मात्र क्षणभर थांबले.

एकाच्या हाती पाण्याचा पेला आणि इतरांच्या हाती धुमसणारे रंगीत द्रव, ही बैठक आम्हांस मान्य नव्हती. पेय सर्वांस एकच हवे, असे आम्ही सांगितले.

“पण काका, मद्यावाचून कॉकटेल म्हणजे भुतावाचून गढी!”

“रॅडक्लिफबाईंच्या गढीत भूत कोठे असते?”

पुतणी हसली, कारण ‘युडॉल्फो’ ती वर्गात शिकविते. १७९४ सालच्या त्या कादंबरीत वाचकाची शेकडो पाने गाळण उडवून अखेरीस बाई प्रत्येक गूढाचा साधा उलगडा करून देतात. त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापल्या गेलेल्या एका निबंधात त्यांनी भय आणि किळस यांतील भेद फार मार्मिकपणे दाखविला आहे: भयाने मन विस्तारते, किळसेने ते आखडते, आणि भयाला अस्पष्टता लागते. आमच्या मते धुरासही हाच नियम लागू आहे. पेल्यात तो ओझरता असला तर मन काहीतरी शोधू लागते. अधिक झाला की जीभ कडवटते आणि शोध संपतो.

धूर कशाचा करावा, याचे उत्तर मसाल्याच्या डब्यातच होते. इंग्रजांच्या बागेतील थाइम आणि आपला ओवा या दोहोंच्या वासाचे मूळ थायमॉल हे एकच द्रव्य आहे. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकून त्यावर थंड, ओलसर काचेचा पेला पालथा धरावा आणि वीस आकडे मोजावे. तेवढ्यात काच धुरकटते व वास तिला धरून राहतो.

रंगासाठी गोकर्णाची निळी फुले. दहाबारा सुकी फुले, चार तुळशीची पाने आणि गवती चहाचे एक पाते कढत पाण्यात पाच मिनिटे झाकून ठेवावे, गाळून थंड करावे, आणि साखरेचा पाक घालावा. लिंबू पिळताच निळा रंग तांबूस होतो. लिंबू सढळ हवे. हे पाणी धुराच्या पेल्यात ओतून वर खाण्याच्या सोड्याची चिमूट सोडली की, स्टीव्हनसनने वर्णिलेला प्रकार डोळ्यांपुढे घडतो: फसफस, धुराची वलये, आणि तांबड्याचा जांभळा. सोडा वाढवीत गेल्यास जांभळ्याचा निळा आणि निळ्याचा हिरवाही होतो, परंतु तोवर लिंबाची आंबट चव पार मरून पाणी मचूळ लागते. पुतणीला हिरवा पाहावयाचा होता. तिला तो आम्ही एका वाटीत करून दाखविला आणि वाटी मोरीत ओतून टाकली.

अमावास्येच्या रात्री पाटावर मांडलेल्या समया तेवढ्या तेवत होत्या. लॅनियनचे प्रकरण वाचण्याआधी आम्ही सर्वांसमक्ष एकेक पेला सिद्ध केला. भाऊंचा पेला वहिनींनी मध्येच घेतला, नाकाशी नेला, आणि त्यांना हसू आले.

“अगबाई, हा तर बाळंतिणीच्या खोलीचा वास!”

खरेच होते. ओव्याची धुरी, दारावर पडदा, कोपऱ्यात धुमसणारी शेगडी, आणि आत कोण आहे हे मुलांना न सांगणारी मोठी माणसे. आमच्या पिढीने पाहिलेली पहिली गूढ गढी तीच. वहिनींनी पेला भाऊंच्या हाती दिला. त्यांनी तो समईपुढे धरून रंग पुरता बदलेपर्यंत पाहिला, एक घोट घेतला, आणि लिंबू थोडे कमी चालले असते, असे सांगून लेकीला पुढे वाचावयास सांगितले.