तोच शब्द, तसाच

मी पंच म्हणून पायचीत दिलेला एक फलंदाज जाता जाता बॅट पॅडवर आपटून, माझ्याकडे बघत शिवी देऊन गेला. आझाद मैदानावरच्या तंबूत बसून मी अहवालात लिहिलं, 'अपशब्द वापरले.' शिवी कागदावर उतरवायची लाज वाटली. शिस्तपालन समितीत पहिलाच प्रश्न आला, कोणता शब्द? कोणाला उद्देशून? तो म्हणाला, मी स्वतःवरच चिडलो होतो. सुटला. चूक माझ्या लेखणीची होती.

तेव्हापासून शिवी जशी कानावर पडली तशीच लिहितो. षटक कितवं, चेंडू कितवा, खेळाडू माझ्यापासून किती पावलांवर होता, तेही. 'उद्धटपणे वागला' हे माझं मत झालं. 'तीन पावलं चालून आला आणि बॅट माझ्याकडे रोखली' हे घडलेलं. समितीला घडलेलं हवं असतं. स्क्वेअर लेगच्या सहकाऱ्याला शिवी ऐकू आली नसेल, तर 'ऐकू आली नाही' असंच त्याने लिहावं. दोघांचं जुळावं म्हणून कोणी काही आठवायला लागलं, की अहवाल बिघडतो.

ऑक्टोबर २०१७ पासून क्रिकेटच्या नियम ४२ मध्ये गैरवर्तनाच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला कर्णधाराला बोलावून अखेरची ताकीद, पुन्हा घडलं तर पाच धावांचा दंड. चौथ्या पातळीला खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर. पण नुसत्या ताकिदीचाही अहवाल द्यावाच लागतो, आणि नेमका तोच टाळला जातो. सामना संपलेला असतो, पाय भरून आलेले असतात, कोणीतरी चहा आणून देतं आणि हळूच म्हणतं, "सर, पोराचं सिलेक्शन आहे, जाऊ द्या ना." मी एकदा जाऊ दिलं. पुढच्याच आठवड्यात त्या पोराने एका नवख्या पंचाची कॉलर धरली. तो पंच पुन्हा मैदानावर आला नाही. हे मला अजून सलतं.

सगळ्यात अवघड असतं स्वतःचं वाक्य लिहिणं. १९८७ साली फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा बोटं रोखून भांडले, कसोटीचा एक अख्खा दिवस वाया गेला. त्या भांडणाच्या गाजलेल्या फोटोत बोट दोघांचंही उगारलेलं आहे. आपणही माणसंच, आपलाही आवाज चढतो.

गेल्या मोसमात मी एका गोलंदाजाला रागाने म्हणालो, "गप चेंडू टाक, शहाणपणा नको." त्यावर त्याने शिवी दिली. अहवालात दोन्ही वाक्यं लिहिली, आधी माझं, मग त्याचं. सही करण्यापूर्वी त्याच्या कर्णधाराला वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे सर. असंच झालं."