बाबांचं इसब आणि पवनाकाठचं गाजरगवत

बाबा चाकणला टूलरूममध्ये कामाला आहेत. पापण्या सुजल्या, मान काळवंडून जाड झाली, कोपरांच्या खळग्यांतून लस येऊ लागली, तेव्हा घरच्यांनी आणि कंपनीतल्या मंडळींनी कूलंटलाच दोष दिला. त्वचारोगतज्ज्ञांना ते पटेना. "कूलंटचा त्रास आधी हातांना होतो, काका. तुमचे हात तर स्वच्छ आहेत. राहता कुठे?" रावेत म्हणताच त्यांनी विचारलं, "आसपास गाजरगवत आहे?"

आहे म्हणजे काय! टॉवरांमधले मोकळे प्लॉट आणि पवनेचा काठ पावसाळ्यात त्याच पांढऱ्या फुलांनी भरतो, आणि बाबांचा सकाळचा फेरफटका बंधाऱ्याच्याच बाजूला. 1950 च्या दशकात या गवताची देशातली पहिली नोंद झाली तीही पुण्यातच.

खात्री करण्यासाठी बाबांच्या पाठीवर निकेल, क्रोमियम आणि गाजरगवताच्या अर्काच्या चकत्या चिकटवल्या. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर निकेलची जागा कोरी राहिली होती; गाजरगवताच्या जागी लाल, उंच, बारीक फोडांचा ठिपका उठला. अंगावर पित्त उठतं ते काही मिनिटांत, मग याला इतका वेळ का? कारण इथे पेशींना यावं लागतं. गवतातलं पार्थेनिन कातडीत शिरलं की तिथल्या पेशी त्याची वर्दी जवळच्या लसिकाग्रंथीत देतात. तिथे तयार होणाऱ्या टी पेशींवर सीएलए नावाची खूण उमटते. रक्तातून फिरताना, सुजलेल्या कातडीतल्या रक्तवाहिन्यांना त्या याच खुणेने चिकटतात आणि आत उतरतात. फुफ्फुसात नाही, आतड्यात नाही, नेमक्या कातडीत.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. मान साफ दिसू लागली तरी यातल्या काही पेशी तिथेच मुक्काम ठोकतात, वर्षानुवर्षं. म्हणून इसब फिरून त्याच जागी उठतं. म्हणूनच डॉक्टरांनी बाबांना सुरू केलेलं ॲझाथायोप्रिन हे औषध लगेच बंद केलं नाही. या पेशींची वाढ ते रोखतं, पण ठरावीक दिवसांनी रक्त तपासावंच लागतं. "बरं झालंय की, कशाला गोळ्या?" असं म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी हे बसवून समजावलं आहे, आणि पुढेही समजावेन.

गवताचं मात्र गोळ्यांनी काही होत नाही. वाळलेल्या गवताची धूळही बाबांना पुरते. ते फुलोऱ्यावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायला हवं, आणि ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी तिकडे फिरकायचंही नाही. रिकाम्या प्लॉटच्या मालकांकडे आमच्या सोसायटीची एवढीच मागणी आहे.