ब्रूकलंड्सची निःशब्द धांवपट्टी

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून निघालेली आगगाडी सरे परगण्यांतील वेब्रिज या टुमदार गांवीं थोड्याच वेळांत पोंचते. गेल्या उन्हाळ्यांत चिरंजीवांकडे मुक्काम असतांना नातवाच्या आग्रहास्तव मीं या गांवची वाट धरली. मोटारशर्यतींचें जुनें मैदान पाहावें, अशी इच्छा माझ्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास आपण होऊन झाली नसती. परंतु इंजिनांच्या ज्या आवाजाविषयीं त्या शर्यतींच्या जगांत आज वाद माजला आहे, त्याच आवाजाची फिर्याद या गांवानें शंभर वर्षांपूर्वीं केली होती, हें तेथें गेल्यावर कळलें, आणि फेरा सार्थकीं लागला.

ह्यू लॉक किंग या जमीनदारानें आपल्या मालकीच्या भूमीवर स्वखर्चानें हा काँक्रीटचा मार्ग बांधला. १९०७ च्या जूनमध्यें तो खुला झाला. मोटारशर्यतींसाठीं मुद्दाम बांधलेला असा मार्ग त्यापूर्वीं जगांत नव्हता. लांबी सुमारें पावणेतीन मैल, रुंदी शंभर फूट, आणि वळणावरची कड जवळजवळ तीस फूट उंच! त्या कडेचा कांहीं भाग अद्याप उभा आहे. भेगांतून गवत उगवलें आहे, भोंवतीं झाडी दाटली आहे, आणि पांखरांच्या किलबिलाटाखेरीज दुसरा शब्द नाहीं.

आरंभींच एस्. एफ्. एज् नांवाच्या गृहस्थानें येथें नेपिअर मोटार अहोरात्र चोवीस तास पिटाळली. शेजाऱ्यांची झोंप उडाली. तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि रात्रीं धांवणें बंद झालें. १९२९ सालीं चोवीस तासांची शर्यत भरवावयाची झाली तेव्हां ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत वांटून घ्यावी लागली! तत्पूर्वींच, न्यायालयाचा फेरा पुन्हा आल्यामुळें, धुराच्या नळीस आवाज दाबणारा डबा लावणें सर्व मोटारींना सक्तीचें झालें होतें. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि शर्यती कायमच्या थांबल्या.

हा वृत्तान्त ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, तेव्हां लोक आवाज बंद करा म्हणत होते, आतां आम्ही आवाज परत आणा म्हणतों!" आणि त्यानें फोनवर फॉर्म्युला वन शर्यतींतील जुन्या दहा सिलिंडरांच्या इंजिनाचा ध्वनि मला ऐकविला. तो कर्कश खरा. पण त्यांत तार स्वराची एक विलक्षण ओढ होती, हें कबूल केलें पाहिजे.

आम्ही तेथेंच बांकावर बसून हिशेब मांडला. अशा इंजिनांत प्रत्येक सिलिंडराचा बार दोन फेऱ्यांत एकदां उडतो. दहा सिलिंडर आणि मिनिटास अठरा हजार फेरे, म्हणजे सेकंदास दीड हजार बार. २०१४ सालीं नियम बदलून सहा सिलिंडरांचें, १.६ लिटरचें इंजिन आलें. त्याचे फेरे बारा हजार धरले तर बार सहाशेच होतात. म्हणजे स्वर एका सप्तकाहूनही खालीं उतरला! शिवाय पूर्वीं जो तप्त वायु नळींतून मोकळा बाहेर पडे, तो आतां एका चक्रास फिरवूं लागला. त्या चक्राच्या आंसावर वीज निर्माण करणारें यंत्र बसविलें गेलें. इंधनाची अर्ध्याहून अधिक शक्ति कामीं लावल्याचें मर्सिडीज कंपनीनें २०१७ सालीं आपल्या प्रयोगशाळेंत दाखविलें. काटकसर वाढली, आणि गर्जना गेली.

प्रेक्षक रुसले. २०१४ सालींच त्याच कंपनीनें नळीस कर्णा लावून पाहिला; तो उपाय टिकला नाहीं. २०१६ पासून निराळी नळी सक्तीची करून आवाज थोडा वाढविण्यांत आला. २०२६ च्या हंगामासाठीं ठरलेल्या नियमांत तें वायुचक्रावरचें वीजयंत्र काढून टाकलें आहे. पण निम्म्याच्या सुमारास शक्ति विजेची, आणि इंधन खनिज तेलाचें नव्हे, असा दंडक आहे. तेवढ्यानें समाधान न होऊन आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या अध्यक्षांनीं २०२५ सालीं प्रथम दहा आणि मग आठ सिलिंडरांच्या, साध्या व मोठ्या आवाजाच्या इंजिनाचा विचार बोलून दाखविला.

या वादांत मला आमची विहीर आठवली. माझ्या लहानपणीं मोट जाऊन तिच्यावर तेलाचें इंजिन आलें. वडील ओटीवर बसून त्याच्या आवाजावरून ओळखीत कीं तेल संपत आलें, कीं पाणी तुटलें. पुढें विजेचा पंप आला. श्रम वांचले, पैसा वांचला, कोणाची तक्रार नव्हती. पण पहिल्या संध्याकाळीं वडील दोनदां विहिरीवर जाऊन आले. पाणी खरोखरच चढतें आहे ना, तें पाहावयास!

नादाची गोडी आहे ती एवढ्यासाठीं कीं, तो चाललेल्या कामाची साक्ष देतो. कर्णा लावून वाढविलेला आवाज कसलीच साक्ष देत नाहीं. म्हणून, स्वच्छ इंधनावर चालणारें साधें इंजिन निवडल्यानें नाद आपोआप परतत असेल, तर त्यास माझी हरकत नाहीं. केवळ आवाजासाठीं इंजिन निवडणें मात्र मला पटत नाहीं. नातवास हें अर्धेंच पटलें. परततांना वाटेंतील घरांकडे बोट दाखवून मीं त्याला एवढेंच म्हटलें, "बाळ, नियम करतांना या घरांतल्या माणसांनाही विचारावें, बरें का!"