उपासाला काय चालतं?

आषाढी एकादशीला भक्तिभावाने शिजणारी साबुदाण्याची खिचडी हे मराठी स्वयंपाकातलं सर्वांत धीट फ्यूजन आहे. आजचा साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची या चौघांचंही मूळ अमेरिका खंडात. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा यांपैकी एकही आपल्या चुलीवर नव्हतं. रताळं आणि राजगिराही तिकडचेच. उलट पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेल्या हळद-मोहरीला बहुतेक घरांत त्या दिवशी मनाई. मला वाटतं, नियम वर्ज्य काय ते सांगणारा होता: धान्य नको, डाळ नको. कंदमुळं-फळं चालत, त्या दारातून नवे कंद आत आले. शेंगदाणा खरं तर डाळींच्याच कुळातला. पण जमिनीखाली पोसला जातो म्हणून की काय, सुटला.

पण नुसतं आत येणं म्हणजे मिसळणं नव्हे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. ना चव, ना कस. त्यात दाण्याचं कूट पडलं की स्निग्धता आणि प्रथिनं मिळतात, शिवाय भिजलेल्या दाण्यांचा चिकटपणा कूट शोषून घेतं आणि खिचडी मोकळी होते. जिरं-तुपाची फोडणी आपली, कूट करण्याची रीतही आपली. चांगल्या फ्यूजनची माझी कसोटी हीच: आलेल्या पदार्थाला ताटात काही काम आहे का? या कसोटीवर मुंबईची शेजवान चटणीही उतरते. सिचुआनमधली जीभ बधिर करणारी मिरी तिच्यात बहुधा नसतेच. लसूण आणि लाल मिरची असते, म्हणून वडापावात ती लसणाच्या सुक्या चटणीची धाकटी जाऊ शोभते. डोशावरचं चीज मात्र आंबवणीने आलेला आंबूसपणा झाकून टाकण्यापलीकडे काही करत नाही.

यावर कुणी म्हणेल, खिचडी मुरायला शतकं लागली, आजचे शेफ एका रात्रीत मेन्यू बदलतात. काळाचा हा मुद्दा वाटतो तेवढा पक्का नाही. साबुदाणा मुळात साबू-ताडाच्या खोडातल्या सत्त्वाचा, आग्नेय आशियातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात आयात तुटली आणि तमिळनाडूत सेलमच्या परिसरात कसाव्याच्या सत्त्वाचे दाणे होऊ लागले. झाड बदललं, उपास मोडला नाही. कारण भिजणं, फुगणं, पारदर्शक होणं हे काम नव्या दाण्याने तसंच केलं. दुसरा आक्षेप जड आहे. ही पिकं इकडे आली ती सत्ता आणि व्यापाराच्या जहाजांतून, आणि ज्यांनी बटाटा माणसाळवला, विषारी कसावा किसून, पिळून, भाजून खाण्याजोगा केला, त्या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला विध्वंस आला. खिचडीच्या कौतुकाने तो हिशेब फिटत नाही. फक्त एवढंच, की आपलं ताट कधी काळी शुद्ध होतं असं म्हणत नव्याला नाकारणाऱ्याला हा इतिहासही पुसावा लागेल.

आता क्विनोआ दारात उभा आहे. राजगिऱ्याच्याच कुळातला, अँडीजचा रहिवासी, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गवतवर्गीय धान्य नव्हे. मोकळा शिजतो, दाण्याच्या कुटाशी जमतं. म्हणजे उपासाला चालायला हरकत नाही. आडवी येते ती त्याची किंमत, आणि भगर त्याहून कितीतरी स्वस्त मिळते.