दहा दिवसांची मायभूमी
डिसेंबर 1999 पासून ‘बर्थराइट इस्राएल’ ही संस्था जगभरच्या ज्यू तरुणांना दहा दिवस फुकट इस्राएल दाखवते. ऑक्टोबर 2023 नंतर थांबलेल्या सहली जानेवारी 2024 मध्ये, गाझातलं युद्ध चालू असतानाच, पुन्हा सुरू झाल्या. हा निव्वळ प्रचार, असा आक्षेप काही जण घेतात. तो मला अर्धाच पटतो. खर्च करणारा काय दाखवायचं ते ठरवतोच. पण जून 2025 मध्ये इराणी क्षेपणास्त्रं येत असताना हीच मुलं भोंगा वाजला की आश्रयखोल्यांकडे धावत होती. सुमारे 1,500 जणांना जहाजाने सायप्रसला हलवावं लागलं. ती भीती कुणी आखून दिलेली नव्हती. मात्र त्यांच्यासाठी जहाज आलं. गाझातल्या त्यांच्याच वयाच्या मुलांना अशी वाट नव्हती, आणि पूर्वजांची भूमी समजून घ्यायला निघालेल्यांच्या सहलीत नेमकं हेच बसत नाही, याची मला फार खंत वाटते.