पाटे

पाटा म्हटलं की आमच्या पुण्यातल्या भाचरांना पाटा-वरवंटा आठवतो. (तोही चित्रातला!) कोल्हापुरात ट्रकवाल्यांच्या घरी मात्र पाटा म्हणजे चाकाजवळची पोलादी कमान. लांब-आखूड पट्ट्या एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टनं आवळलेल्या. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची टोकं वळवून त्यात पिना बसतात आणि सगळा जुडगा यू-बोल्टनं अ‍ॅक्सलला बांधतात. मागच्या चाकांवर आणखी एक छोटा हेल्पर जुडगा असतो. गाडी रिकामी असली की तो नुसता बसून, माल भरला की कामाला लागतो.

माझ्या मामांचा जुना टाटा ट्रक दर हंगामात ऊस ओढतो. यंदा हंगामाच्या तोंडावर गाडी डावीकडं बसलेली दिसली. उद्यमनगरात नेऊन पाटे खोलले तर मेन पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापाशीच चीर! भोकामुळं तिथं पोलाद कमी, त्यात यू-बोल्ट ढिले झाले की सगळा ताण तिथंच येतो. बाकीचे पाटे सपाट झालेले, मध्ये गंज आणि चिखल.

चीर गेलेला मेन पाटा बदलायचाच होता. प्रश्न बाकीच्यांचा. जुने ठोकून पुन्हा कमान काढणं स्वस्त. पण नुसता गार ठोकलेला पाटा लवकरच परत बसतो. भट्टीत लाल करून नीट पाणी दिलं तर टिकतो. दुसरी वाट नव्या सेटची. आणि तिसरी मामेभावाची, "आबा, नव्या सेटात एक पाटा जादा टाकूया की. खेपेला दोन टन वाढतील."

त्याचंही खोटं नव्हतं. भाडं टनावर मिळतं, तोडणीच्या टोळीला उचल देऊन झालेली आणि हंगाम मोजक्या महिन्यांचा.

मामा एवढंच म्हणाले, "पाटा टाकशील रं, पण ब्रेक कुठनं आणशील?"

मला हे फार पटलं. जादा पाट्यानं गाडी बसत नाही, म्हणून वजन दिसत नाही एवढंच. ते अ‍ॅक्सलवर, टायरवर, चेसिसवर आणि ब्रेकवर येतंच. २०१८ साली सरकारनं मागच्या चारचाकी अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली खरी. पण आरसी बुकातला आकडा पाटा वाढवून बदलत नाही. हंगाम संपला की हीच गाडी माल घेऊन आंबा घाट उतरते, हेही आहेच. पाट्याचं काम लवण्याचं. तो लवायचा थांबला की दुसरं काहीतरी तुटतं.

शेवटी मागच्या दोन्ही बाजूंना नवे सेट बसले, कंपनीनं ठरवले तेवढ्याच पाट्यांचे. एकच बाजू बदलली असती तर गाडी पुन्हा कलली असती. भरल्या गाडीच्या पहिल्या काही खेपांनंतर यू-बोल्ट परत आवळायचे, हेही मिस्त्रींनी बजावलं.

मामेभाऊ अजून घुश्शात आहे. खेप हलकी म्हणजे पैसे कमी, हा त्याचा हिशेब मामांनीही खोडलेला नाही.

असो. जुने पाटे भंगारात गेले नाहीत बरं का. कोयत्याला ते पोलाद नामी. मामांनी लोहाराकडून टोळीसाठी कोयते करून घेतले. आता ऊस तोडायलाही तेच पाटे!